घरच्या लेथवर पॉलियुरेथेनचे सस्पेन्शन बुश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी जीप, जिप्सी किंवा सुटे भाग मिळेनासे झालेली कुठलीही गाडी घरी असली की हा विषय निघतोच: पीयूचा (पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचा) रॉड आणायचा आणि आपल्याच लेथवर बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे नळीसारखे तुकडे, काढायचे. जमतं. पण लोखंड किंवा पितळ कापायची सवय इथे बऱ्याच ठिकाणी फसवते. सतत येणारे प्रश्न खाली सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. उत्तरांतली मापं उदाहरणापुरती आहेत, तुमच्या गाडीची मापं तुम्हीच घ्यायची.

१. रबरी बुश आणि पीयू बुश यांत फरक फक्त कडकपणाचा आहे ना?

नाही, आणि हे आधी नीट समजलं की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत. मेकॅनिक ज्याला सायलेंट बुश म्हणतात त्यात रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला कायमचं चिकटवलेलं असतं. आर्म (चाकाला चासीशी जोडणारा दांडा) वरखाली झाला की रबर पिळतं आणि परत सुटतं. कुठेही काही घासत नाही, म्हणून त्याला ग्रीसही लागत नाही.

घरी काढलेला पीयू बुश कशालाच चिकटलेला नसतो. आतली स्टीलची स्लीव्ह बोल्टने ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळलेली असते आणि पीयू तिच्याभोवती फिरतं. म्हणजे हे एक बेअरिंग आहे. त्याला योग्य फिट, गुळगुळीत स्लीव्ह आणि ग्रीस या तिन्ही गोष्टी लागतात. यातली एक चुकली की बुश कुरकुरतो, खडखडतो किंवा जाम होतो.

२. पहिल्यांदा करायचं तर कोणत्या जागेचे बुश घ्यावेत?

पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीचे). जिप्सीला पुढेमागे चारही बाजूंना पाटे आहेत, जुन्या जीपनाही तेच. इथे मूळ बुशच बहुधा दोन अर्ध्यांचे, कॉलरवाले (टोकाला रुंद कडा असलेले) आणि न चिकटवलेले असतात, त्यामुळे आकार सरळ नकलता येतो. हालचालही बरीचशी गोल फिरण्याचीच असते. डबल विशबोनचे (एका चाकाला वर-खाली दोन आर्म असतात त्या सस्पेन्शनचे) आतले बुशही चांगले, कारण आर्मचे दोन्ही बुश एकाच सरळ रेषेत असतात.

३. कुठे अजिबात वापरू नयेत?

जिथे मूळ बुश फिरण्याबरोबर वाकतोही, किंवा फक्त वाकतोच, तिथे. जागा ओळखायची खूण सोपी आहे: एकाच आर्मवरच्या सगळ्या बुशच्या बोल्टमधून एक सरळ रेषा जाते का ते पाहा. जात नसेल तर तो आर्म हलताना एखादा तरी बुश पिळतो किंवा तिरका होतो.

पुढच्या चाकांच्या आर्मवर याचं नेहमीचं उदाहरण सापडतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेल्या) कित्येक गाड्यांना इंग्रजी एल आकाराचा खालचा आर्म असतो. त्याचा एक बुश आडवा आणि दुसरा उभा. आडवा फिरतो, उभा मात्र तिरका होत असतो. उभ्या जागी ठासून भरलेलं पीयू बसवलं तर आर्म हलायला जागा शोधतो आणि ताण सबफ्रेमच्या (आर्म जोडलेल्या चौकटीच्या) वेल्डवर जातो. सलग ॲक्सलला (दोन्ही चाकं जोडणाऱ्या एकाच आडव्या दांड्याला) धरणाऱ्या रेडियस आर्मचंही तसंच. एक चाक वर आणि दुसरं खाली जाऊ शकतं ते त्या रबरांच्या पिळण्यामुळेच. तिथे कडक बुश घातले तर ॲक्सल अवघडतो आणि ब्रॅकेटला तडे जातात. आत तेल भरलेले बुश असतील तर तेही बदलू नका.

स्टिअरिंगच्या सांध्यांना आणि बॉल जॉइंटला घरी बनवलेलं काहीही लावायचं नाही.

४. किती शोअरचं पीयू घ्यावं?

शोअर हे रबरासारख्या मालाच्या कडकपणाचं माप, आकडा मोठा तितका माल कडक. बुशसाठी शोअर ए मोजपट्टी चालते. शॉक ॲब्सॉर्बरच्या टोकांना ७०, रस्त्यावरच्या गाडीच्या पाट्यांना आणि शॅकलला ८०, डबल विशबोनच्या आर्मला ८५ ते ९०. ९५ शोअर रोजच्या गाडीत नको: खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट चासीला बसतो आणि केबिनमध्ये घुमतो. दगडधोंड्यांतून गाडी चालवणाऱ्यांनी पाट्यांना ७० ते ७५ घ्यावं, कारण ॲक्सल खूप तिरका झाला की पाट्याचं टोकही पिळतं.

शंका असेल तर कमी शोअर घ्या. मऊ बुश लवकर झिजेल, पण जास्त कडक बुश ब्रॅकेट फोडेल, आणि ब्रॅकेट दुरुस्त करणं बुश बदलण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

५. रॉड कुठे मिळतो आणि मागताना काय सांगायचं?

प्रेस टूल (पत्रा दाबून कापायचे-वाकवायचे साचे) बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्याकडे भोसरी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर अशा यंत्रकामाच्या भागांत चौकशी करा. नुसतं ‘पीयू रॉड द्या’ म्हणू नका. तीन गोष्टी विचारा: शोअर किती, पॉलिएस्टर बेस आहे की पॉलिइथर बेस, आणि भरीव आहे की पोकळ.

बेसचा प्रश्न दुकानदाराला जास्तीचा वाटेल, पण तो सोडू नका. पॉलिएस्टर पीयू तेलाला आणि घासण्याला उत्तम टिकतं, पण ऊब आणि ओल एकत्र आली की त्याची रासायनिक साखळी पाण्याने तुटत जाते. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग तुकडे पडतात. पॉलिइथर पाण्याला दाद देत नाही. कोकण, गोवा, घाटमाथा इथे चार महिने गाडीच्या खालचा भाग ओलाच असतो, तिथे पॉलिइथरच घ्या. दुकानात बेस सांगता येत नसेल तर तो पॉलिएस्टर धरून चाला.

प्रेस टूलमध्ये स्प्रिंगऐवजी वापरतात तो पीयू मधोमध भोक असलेला मिळतो. तुमच्या स्लीव्हपेक्षा लहान भोक असलेला मिळाला तर सरळ घ्या, ड्रिलिंगची अर्धी कटकट वाचते.

६. लाल पीयू पिवळ्यापेक्षा कडक असतं का?

रंगाचा आणि शोअरचा संबंध नाही. रंग मिसळलेला असतो आणि प्रत्येक उत्पादक आपापले रंग ठरवतो. खात्री हवी असेल तर शोअर ए मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि किमान ६ मि.मी. जाडीच्या सपाट तुकड्यावर, कडेपासून आत, तीन ठिकाणी मोजा.

७. लेथ नसेल तर ड्रिल मशीनवर होईल का?

फिरत्या मँड्रेलवर (बुश ओवायच्या दांडीवर) घासून बाहेरचा व्यास कसाबसा येतो, पण भोक मधोमध आणि सरळ येत नाही. आणि बेअरिंग चालतं ते भोकावर. टेबलावरचा लहान लेथ या कामाला पुरतो, कारण कापायला जोर फार लागत नाही. तोही नसेल तर मापांचा कागद करून टर्नरकडे जा. सोबत प्रश्न १० मधली रिंग घेऊन जा, तिथेच बहुतेकांचं बिघडतं.

८. जुन्या बुशची मापं घेऊन तसाच नवा काढला तर?

जुना बुश चपटलेला, फुगलेला आणि झिजलेला असतो. त्याच्यावरून फक्त ठेवण कळते. मापं लोखंडाची घ्या: घराचा (बुश ज्या गोल भोकात बसतो त्याचा) आतला व्यास तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, घराची रुंदी, ब्रॅकेटच्या दोन पाख्यांमधलं अंतर, बोल्टचा व्यास. घरातला गंज आणि रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढूनच मोजा. घर ०.३ मि.मी.पेक्षा जास्त लंबगोल असेल तर आधी ते दुरुस्त करायला हवं.

मूळ बुशला बाहेरून स्टीलचं कवच असेल तर ते काढायचं की ठेवायचं हे मोजण्याआधी ठरवा. कवच घट्ट आणि सरळ असेल तर आतलं रबर कोरून काढून कवचालाच घर मानता येतं.

९. एका बुशची सगळी मापं कशी ठरवायची, उदाहरण द्याल का?

समजा घराचा व्यास ३६.० मि.मी., घराची रुंदी ४५.०, ब्रॅकेटमधलं अंतर ५६.० आणि बोल्ट १२ मि.मी.चा आहे. बुश दोन अर्ध्यांचा, प्रत्येकाला एक कॉलर.

स्लीव्ह: बाहेरून २०.०, आतून १२.२, लांबी ५५.८ मि.मी.

पीयूच्या अर्ध्याचा दांडा (घरात जाणारा भाग): व्यास ३६.४, म्हणजे घरापेक्षा एक टक्का जास्त. लांबी २२.०. घराची अर्धी रुंदी २२.५ येते, तरी अर्धा मि.मी. कमी ठेवायचा, म्हणजे दोन्ही अर्धे मध्ये एकमेकांवर आपटत नाहीत आणि मधल्या १ मि.मी. फटीत ग्रीस साठतं.

कॉलर: व्यास ५० च्या आसपास, जाडी ५.२५. दोन कॉलर आणि घर मिळून ५.२५ + ४५ + ५.२५ = ५५.५. स्लीव्ह ५५.८. हा ०.३ मि.मी.चा फरक या अख्ख्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटने स्लीव्ह पकडली पाहिजे, पीयू नाही. स्लीव्ह आखूड पडली तर काय होतं ते प्रश्न १९ मध्ये आहे.

आतलं भोक इथे मुद्दाम दिलेलं नाही. ते पुढच्या प्रश्नात.

१०. भोक अगदी स्लीव्हच्या मापाचं केलं होतं, पण बुश घरात ठोकल्यावर स्लीव्ह जातच नाही. असं का?

हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो. पीयू दाबलं की आकार बदलतं, आकारमान जवळजवळ अजिबात कमी होत नाही. बाहेरून दाबलेला माल कुठेतरी जाणारच, आणि मधलं भोक ही त्याला सापडणारी सोपी जागा.

वरच्याच मापांवर हिशेब करा. ३६.४ चा वर्ग १३२४.९६, ३६.० चा १२९६. फरक २८.९६. सगळा माल आतल्या बाजूला सरकला असं धरलं तर २० मि.मी.च्या भोकाचा वर्ग ४०० वरून ३७१.०४ वर येतो, म्हणजे भोक १९.२६ मि.मी. बाहेरून ०.४ दाबलं आणि आतून ०.७४ मिटलं! प्रत्यक्षात थोडा माल लांबीत सरकतो, म्हणून मिटणं याहून कमी असतं, पण किती कमी ते आकारावर आणि ग्रीसवर अवलंबून असल्यामुळे नेमकं सांगता येत नाही.

म्हणून अंदाज करू नका, रिंग वापरा. लोखंडाच्या तुकड्यात घराच्याच मापाचं, म्हणजे ३६.० मि.मी.चं भोक करा, लांबी घराइतकीच ४५. बाहेरचा व्यास ६० असला की पुरे. बुशचे दोन्ही अर्धे त्यात दोन्हीकडून दाबून बसवा. रिंग चकमध्ये (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) धरा आणि आतलं भोक एकाच सेटिंगमध्ये आरपार बोअर करून स्लीव्हपेक्षा ०.०५ ते ०.१ मि.मी. मोठं करा. ग्रीस लावलेली स्लीव्ह हाताने जोर देऊन आत गेली पाहिजे आणि बोटांनी फिरली पाहिजे.

रिंगमधून काढल्यावर भोक मोजलं तर २०.४ किंवा २०.६ असं मोठं दिसेल. दचकू नका, घरात बसल्यावर ते परत मापावर येतं. चारही बुशना तीच रिंग वापरा, आणि कोणते दोन अर्धे एकत्र बोअर केले त्यावर खूण करून ठेवा.

११. टूल कसं घासायचं आणि किती आरपीएम ठेवायचे?

१० मि.मी.चा चौकोनी एचएसएस (हाय स्पीड स्टील) तुकडा घ्या. वरचा उतार २५ ते ३० अंश, पुढचा आणि बाजूचा मोकळेपणा १५ अंशांच्या आसपास, टोकाला १ मि.मी.ची गोलाई. ग्राइंडरवरून काढून थेट वापरू नका. ऑइल स्टोनवर धार इतकी लावा की वर्तमानपत्राचा हातात धरलेला कागद न चुरगळता कापला जावा. लोखंडावर चालणारी बोथट कार्बाइड टिप इथे कापत नाही, माल पुढे ढकलते. ॲल्युमिनियमसाठीची चकचकीत, कोटिंग नसलेली टिप मात्र चांगली चालते.

वेग १२५ ते २०० मीटर प्रति मिनिट. ४० मि.मी. व्यासाला १००० आरपीएम म्हणजे साधारण १२५ मीटर. फीड एका फेऱ्याला ०.१ ते ०.२ मि.मी., रफ कट १ ते ३ मि.मी. खोल. कट बरोबर बसला की एक सलग, मऊ, न तुटणारी पट्टी निघते आणि पृष्ठभाग मेणासारखा दिसतो. भुगा किंवा लोंबणारे धागे दिसले तर धार गेली आहे.

हीच न तुटणारी पट्टी धोक्याचीही आहे. ती चकभोवती गुंडाळते, वेग घेते आणि चाबकासारखी बसते. दर कटानंतर मशीन थांबवून आकड्याने काढा. हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाही ठेवायची नाही.

१२. चकमध्ये धरलं की जॉब तिकोनी होतो. काय करावं?

तीन जबडे पीयूला तीन ठिकाणी दाबतात, तुम्ही दाबलेल्या अवस्थेत गोल कापता, आणि सोडल्यावर ते उलटं फुगतं. रफ कामापुरतं चकमध्ये चालतं, तेही जबडे आणि रॉड यांच्यामध्ये उभी चीर दिलेली पाइपची रिंग घालून. बाहेरचा अंतिम व्यास मात्र मँड्रेलवरच घ्या: भोकात घट्ट जाणारी स्टीलची दांडी, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर आणि टोकाला नट.

नट हाताने आवळून वर पाव फेरा, एवढंच. जास्त आवळला तर पीयू पिंपासारखं मध्ये फुगतं, फुगवटा कापला जातो आणि सोडल्यावर बुश मध्ये बारीक निघतो.

१३. कामाचा क्रम काय ठेवावा?

रॉड आवश्यक लांबीपेक्षा ५ मि.मी. जास्त कापून फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करणं. मग सेंटर ड्रिल, आणि ८, १२, १७ अशा टप्प्यांनी ड्रिल. दर १० मि.मी.ला ड्रिल बाहेर काढा आणि साबणाचं पाणी सोडा. पीयू उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे ड्रिलच्या टोकाशी ते वितळायला लागतं. ड्रिलपेक्षा भोक ०.३ ते ०.८ मि.मी. लहान येईल, ते धरूनच चला.

मग मँड्रेलवर कॉलर आणि दांड्याचा व्यास. कॉलर आणि दांडा मिळतात त्या कोपऱ्यात १ मि.मी.ची गोलाई ठेवा, टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. घराच्या कडेलाही तेवढाच उतार द्यायला विसरू नका. शेवटी रिंगमधलं बोअरिंग.

वेगळं करण्यासाठी पार्टिंग टूल वापरायचं तर भोकात दांडी असू द्या, नाहीतर भिंत आत वाकते. साबणाचं पाणी लावून धारदार सुरीही चालते, जॉब सावकाश फिरत असताना टूलपोस्टला पक्की बांधून. हातात धरून कधीच नाही.

१४. फ्रीजरमध्ये ठेवून कापलं तर सोपं जातं का?

७० शोअरच्या आसपासच्या मऊ मालाला थोडा फायदा होतो. घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांना पीयू काचेसारखं होत नाही, फक्त जरा ताठरतं, आणि ताठरपणा काही मिनिटांतच जातो. ८५ च्या वर गरज नाही, धार पुरते. गार असताना मोजू मात्र नका, कारण पुढच्या उत्तरात आहे.

१५. शेवटचा ०.१ मि.मी. कापलाच जात नाही, आणि रात्री घेतलेलं माप सकाळी वेगळं येतं.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली: ०.२ मि.मी.पेक्षा उथळ कटाला पीयू दबून टूलखालून निघून जातं. म्हणून शेवटचा कट ०.३ ते ०.५ चा राहील असा आधीच हिशेब ठेवा. तरीही थोडं उरलंच तर १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीवर लावून घासा. मास्क हवाच.

दुसरी गोष्ट तापमानाची. पीयू एका अंशाला मीटरमागे ०.१५ ते ०.२ मि.मी. वाढतं, म्हणजे स्टीलच्या दहापटीहून जास्त. ४० मि.मी.चा जॉब कापून ३० अंश तापला असेल तर तो सुमारे ०.२ मि.मी. मोठा दिसतो. फ्रीजरमधून काढलेला साधारण ०.३ ने लहान दिसतो. कापल्यानंतर तासभर तसाच ठेवा, मग मोजा. व्हर्निअरचे जबडे फक्त टेकवा. दाबले तर हवं ते माप येतं.

१६. स्लीव्ह कशाची करावी?

जाड भिंतीचा सीमलेस पाइप, किंवा ईएन ८ चा (मध्यम कार्बन पोलादाचा) रॉड ड्रिल करून. बाहेरून ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत करा. टर्निंगच्या रेषा नखाला लागल्या तर त्याच रेषा पीयू कानशीसारखं घासतील. दोन्ही तोंडं अक्षाला काटकोनात हवीत, म्हणून दोन्ही बाजूंचं फेसिंग लेथवरच. किनारपट्टीवर ३०४ स्टेनलेस घ्या. साध्या स्टीलची स्लीव्ह गंजली की तिचा पापुद्रा बुश आतून खातो.

१७. जुने बुश जाळून काढले तर पटकन होतं, चालेल ना?

जळणाऱ्या रबराचा धूर वाईट आणि पीयूचा त्याहून वाईट: त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड दोन्ही असतात. शिवाय पाट्याच्या टोकाचं टेंपर उतरतं. रबरात ड्रिलने ओळीने भोकं पाडा, आतली नळी बाहेर ढकला, आणि कवच असेल तर हॅकसॉचं पान आतून घालून एक चीर पाडून छिन्नीने आत दुमडा. घराला चीर लागू देऊ नका. हे सगळं गाडी जॅक स्टँडवर आणि पाट्याचा ताण पूर्ण सुटलेला असतानाच. नुसत्या जॅकवर कधीही नाही.

लेथवर काम करतानाही पीयूतून धूर आला तर तिथेच थांबा आणि टूलला धार लावा.

१८. बसवताना कोणतं ग्रीस आणि किती?

सिलिकॉन ग्रीस, टेफ्लॉनची भुकटी मिसळलेलं मिळालं तर उत्तम. साध्या लिथियम ग्रीसने पीयू लगेच खराब होतं असं सगळीकडे सांगितलं जातं, पण पीयू खनिज तेलाला रबरापेक्षा बरंच चांगलं टिकतं. खरी अडचण ही की साधं ग्रीस पावसात धुऊन जातं.

आतल्या भोकात ग्रीस साठवायला ०.५ मि.मी. खोल आटे पाडा: लेथ चुडी कापायच्या गियरवर, ६ मि.मी. पिच, एकदा उजवे आणि एकदा डावे. कॉलरकडची शेवटची ५ मि.मी. जागा कोरी ठेवा म्हणजे ग्रीस बाहेर येत नाही आणि पाणी आत जात नाही. घरात दाबायला एम १२ ची थ्रेडेड रॉड, दोन जाड वॉशर आणि नट पुरतात. घराच्या आत आणि कॉलरच्या दोन्ही बाजूंनाही ग्रीस हवं.

बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. चिकटवलेल्या रबरी बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावा लागतो. पीयूला ती अट नाही, पण एकाच आर्मवर एक रबरी आणि एक पीयू असेल तर आहे.

१९. बसवल्यावर आवाज येतो. कुठे चुकलं?

आवाज कसा आहे त्यावर ठरतं. हळू वेगात गतिरोधकावर ‘कुईं’ असा आवाज म्हणजे स्लीव्ह कोरडी आहे किंवा खरखरीत आहे (प्रश्न १६ आणि १८).

ब्रेक दाबताना किंवा सोडताना ‘टक्’ असा एकच ठोका येत असेल तर स्लीव्ह आखूड असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बोल्ट कॉलरला दाबून घट्ट वाटतो, पण स्लीव्ह ब्रॅकेटमध्ये सैल असते आणि बोल्टसकट हलत राहते. ब्रॅकेटचं भोक काही महिन्यांत लंबगोल होतं. बोल्ट काढा आणि स्लीव्हची तोंडं बघा. ब्रॅकेटने नीट पकडली असेल तर तोंडावर घट्ट दाबल्याची चकचकीत गोल खूण दिसते. खूण नसेल तर कॉलर ०.३ मि.मी.ने कमी करा किंवा नवी स्लीव्ह काढा. मध्ये वॉशर घालून भागवू नका.

काही दिवस शांत राहून मग खडखड सुरू झाली तर पीयू स्लीव्हवर जाम होऊन घरात फिरू लागलं आहे, आणि घराच्या खरबरीत भिंतीने त्याला बाहेरून खाल्लं आहे. मूळ कारण बहुतेकदा प्रश्न १० चंच.

२०. पीयूऐवजी नायलॉन किंवा डेलरिन (दोन्ही कडक प्लास्टिक) वापरलं तर? कापायला सोपं आहे.

कापायला सोपं खरं, पण दणका पचवण्याची ताकद त्यात नाही, तो सगळा ब्रॅकेटला जातो. नायलॉन पाणी शोषून फुगतं, त्यामुळे उन्हाळ्यात सैल फिरणारी स्लीव्ह पावसाळ्यात अडकते. शर्यतीच्या गाडीत, जिथे सांधे वारंवार उघडून बघितले जातात, तिथे डेलरिनला जागा आहे.

२१. दोन घटकांचं रेझिन ओतून साच्यात बुश केले तर लेथचं काम वाचेल?

काही प्रमाणात. पण न घट्ट झालेल्या रेझिनमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ फुप्फुसांना बाधते आणि एकदा दमा जडला तर तो कायम राहू शकतो. बंद खोलीत हे करायचंच नाही. दुसरं, आयसोसायनेट ओलाव्याशी लगेच क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतं. पावसाळ्यात ओतलेला बुश आतून स्पंजासारखा निघतो आणि बाहेरून ते दिसतही नाही. ओतलेल्या बुशलाही शेवटी रिंगमध्ये बोअर करावंच लागतं.

२२. आरटीओची अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बदलतील अशा फेरफारांबद्दल आहे. बुशचं मटेरियल त्या तपशिलांत येत नाही. गाडीची उंची बदलण्यासाठी शॅकल लांब केली तर तो वेगळा विषय आहे. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका.

२३. किती दिवस टिकतात आणि तपासायचं काय?

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळ्या बोल्टचा टॉर्क पुन्हा बघा. पुढच्या आर्मचे बुश बदलले असतील तर अलाइनमेंट त्याआधीच करून घ्या, कारण रबर जितकं बसलं होतं तितकं पीयू बसत नाही आणि कोन बदलतात. त्यानंतर दर पावसाळ्याअखेर एक बोल्ट काढून स्लीव्ह ओढून बघा. ग्रीस काळं पण ओलं असेल तर पुसून नवं भरा. तपकिरी पाणी निघालं तर सगळेच सांधे उघडा. कॉलरच्या कोपऱ्यात नखाने उघडणारी चीर दिसली किंवा पृष्ठभाग बोटाला चिकटला तर तो बुश बदला. उन्हाने नुसता पिवळट पडला असेल तर काळजी नाही.

२४. आर्म थोडासाच तिरका होतो. पूर्ण रबरावर परत जाण्याशिवाय काही मार्ग?

तिरकेपणा लहान असेल तर आहे, उदाहरणार्थ पॅनहार्ड रॉडच्या (ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) टोकांना. ७० शोअर घ्या, दांड्याची लांबी कमी करून मधली फट १ ऐवजी ५ ते ६ मि.मी. ठेवा, आणि भोकाच्या कॉलरकडच्या तोंडाला ३ मि.मी. खोल उतार द्या. मग स्लीव्हला किंचित झुकायला जागा मिळते. दोन्ही बाजूंना घराच्या भोकापेक्षा मोठे स्टीलचे वॉशर घाला, म्हणजे पीयू फाटलंच तरी आर्म बोल्टवरून निसटणार नाही. वॉशरची जाडी स्लीव्हच्या लांबीतून वजा करायची, आणि कॉलरही तेवढ्याच पातळ करायच्या, म्हणजे प्रश्न ९ मधला ०.३ मि.मी.चा फरक कायम राहतो. बसवून झाल्यावर, स्प्रिंग जोडण्याआधी, आर्म हाताने पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्या. टोकाकडे जाताना तो हाताला जड लागला किंवा सोडल्यावर उसळून परत आला, तर त्या जागी रबरच बसवा.